मधला चेंडू

मी दुहेरी खेळते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे एकेरी जमलं नाही का?" पूर्वी मी चिडायचे. आता सरळ हो म्हणते. जमलं नाही हे खरंच आहे, पण मला एकेरी कधी आवडलंही नव्हतं. एकटीने खेळताना चूक झाली तर चिडायचं कोणावर? स्वतःवर चिडून चिडून माणूस किती चिडणार! आमच्या घरात कुठलंच काम एकट्याने होत नसे. वडील भिंतीत खिळा ठोकायचे आणि आई खाली उभी राहून तो वाकडा जातोय असं सांगायची. खिळा वाकडाच जायचा, पण दोघंही समाधानी असायची.

माझ्या कारकिर्दीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दहा-अकरा वर्षं मी या खेळावर पोट भरते आहे, तेही सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्पर्धांमधून. जागतिक क्रमवारीत माझं नाव आहे, पण ते शोधायचं तर मोबाइलवर अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागतं. एका खोलीत दोघी, बाथरूमच्या नळाखाली धुतलेले मोजे खिडकीच्या गजांवर, आणि रविवारी दुपारी पुढच्या गावची गाडी. दुहेरीवाल्यांचं खरं दुखणं मात्र वेगळंच असतं, ते म्हणजे जोडीदार. जोडीदार शोधणं म्हणजे लग्न जुळवण्यासारखं असतं, फक्त इथे पत्रिका दर मोसमाला नव्याने काढावी लागते. चांगली जोडीदार मिळाली की तिला धरून ठेवायचं, कारण ती गेली की आपण पुन्हा शून्यावर. ही हकीकत माझ्या सगळ्यात चांगल्या जोडीदाराची आहे आणि ती जाऊ नये म्हणून मी जे जे केलं, त्यानेच ती कशी गेली त्याची.

आधी आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. मी आदिलाबादची. आमचे पूर्वज निजामाच्या काळात इकडे आले आणि इकडचेच झाले. वडील महसूल कार्यालयात होते, आई सरकारी मराठी माध्यमाच्या शाळेत मराठीची शिक्षिका. शाळेत माझी तेलुगू, बाजारात हिंदी, घरी आमची मराठी. लहानपणी मला बासरला नेऊन सरस्वतीपुढे पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं, आणि त्याच वर्षी वडिलांनी एक कापलेल्या दांड्याची रॅकेट हातात दिली. देवीने दोन्हीकडे थोडं थोडं लक्ष दिलं असावं, कारण दोन्हींत मी मध्यमच निघाले.

गावात ऑफिसर लोकांचा एक जुना क्लब होता आणि त्यात मुरमाचं एकच कोर्ट. वडील काही ऑफिसर नव्हते. पण कोर्टावर रूळ फिरवून घेणं, पाणी मारणं, डब्याला भोकं पाडून चुन्याच्या रेघा ओढणं हे सगळं ते हौसेने करायचे, म्हणून साहेब लोक यायच्या आधी पहाटे आम्हाला खेळायला मुभा होती. क्लबचा वॉचमन पंच. चेंडू रेघेच्या आत पडला की तो "लोपल" म्हणायचा, बाहेर पडला की "बयट". त्याच्याशी वाद झाला तर वडील खेळ थांबवायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "मुआयना करू." हा त्यांच्या कचेरीतला शब्द. जमिनीची मोजणी असो की बांधाचं भांडण, आधी जागेवर जाऊन पाहायचं. मग सगळे हात पाठीमागे बांधून मुरमावर उमटलेल्या चेंडूच्या खुणेभोवती उभे राहायचे, जबान्या व्हायच्या आणि निकाल लागायचा. निकाल बहुतेक वेळा वडिलांच्या बाजूने लागायचा.

चौदाव्या वर्षी मी पुण्याला शिबिराला गेले. पहिल्याच दिवशी पोरींनी विचारलं, जेवायला येणार का? मी म्हणाले, "हाव, येतो."

हसण्याचा कल्लोळ उठला. "येतो? तू मुलगा आहेस का?"

आमच्याकडे बायकाही येतो, जातो, करतो असंच म्हणतात. आई म्हणते, शेजारीण म्हणते, भैंसा गावची मावशी म्हणते. त्यात कोणी पुरुष होत नाही. पण हे पुण्याच्या पोरींना समजावण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं. मी त्या चार आठवड्यांत बॅकहँड शिकायला गेले होते आणि येते, जाते, करते शिकून परत आले. घरी आल्यावर पहिल्या जेवणाला म्हणाले, "आई, मी नंतर जेवते." आईचा हात भाकरीवर थांबला.

"फळा बोलून राह्यला काय वं घरात?" ती म्हणाली आणि हसत सुटली. तिचं गणित साफ होतं. फळ्यावर ती रोज "मी जाते" लिहायची आणि घंटा झाली की "मी जातो" म्हणत निघायची. फळ्यावरचं वेगळं आणि तोंडातलं वेगळं. त्यात लाज वाटण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तेव्हापासून गावाची वेस ओलांडली की मी जीभ बदलायचे, आणि ही सवय इतकी अंगवळणी पडली की मला वाटायचं, ही आपोआपच बदलते.

ती जोडीदार मला पंचविसाव्या वर्षी मिळाली. पुण्याची, उंच, बोलायला सडेतोड आणि डावखुरी. टेनिसमध्ये याला महत्त्व आहे. मी उजव्या हाताने खेळते आणि डाव्या अर्ध्या कोर्टात उभी राहते, ती डाव्या हाताने आणि उजव्या अर्ध्यात. त्यामुळे दोघींचाही जोराचा हात कोर्टाच्या मधोमध यायचा. समोरच्या जोडीला मधून चेंडू काढणं अवघड जायचं. फक्त एक अडचण होती. मधला चेंडू दोघींनाही घेता यायचा, म्हणून प्रत्येक वेळी ओरडून सांगावं लागायचं की तो कोणाचा. आमचा करार साधा होता: माझा असेल तर "माइन", तुझा असेल तर "युवर्स". शब्द सगळ्या जगाचे, भांडणाला जागा नाही.

दीड वर्ष आम्ही चांगलं खेळलो. दोन स्पर्धा जिंकलो. मला तिचं सगळं आवडायचं, अगदी सामन्याआधी ती बुटांच्या नाड्या तीनदा सोडून तीनदा बांधायची तेही. ती हसेल, मग सोडून जाईल, या भीतीने मी तिच्याशी फळ्यावरचीच मराठी बोलायचे. तिला मी आदिलाबादची हे माहीत होतं, पण तिकडे लोक कसे बोलतात हे माहीत नव्हतं. घरून फोन आला की मी खोलीबाहेर जाऊन बोलायचे.

मग हैदराबादची स्पर्धा आली. डिसेंबर होता. पहिल्या फेरीत तिसऱ्या सेटऐवजी असतो तो दहा गुणांचा टायब्रेक चालला होता. आठ-नऊ, त्यांचा मॅचपॉइंट. समोरच्या पोरीने उंच चेंडू टाकला, आमच्या दोघींच्या बरोबर मध्ये. मी ओरडले आणि मागे धावले. तीही धावली. दोन्ही रॅकेट हवेत एकमेकींवर आपटल्या, माझा खांदा तिच्या हनुवटीला लागला आणि चेंडू आमच्या पायांशी शांतपणे पडला. एक टप्पा, मग दुसरा. असं त्या वर्षात तिसऱ्यांदा झालं होतं, दर वेळी नाजूक पॉइंटला.

पुढची स्पर्धा नागपूरला होती आणि मध्ये आठवडा मोकळा. आदिलाबाद रस्त्यातच पडतं, म्हणून चार दिवस आमच्याकडे थांबायचं आधीच ठरलं होतं. आम्ही दुपारच्या बसने निघालो. ती खिडकीतून कापसाच्या गाड्या बघत होती. नेरडीगोंड्याला बस चहासाठी थांबली, तेव्हा तिने कप हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नागपूर झालं की मी थांबतेय."

"टेनिस?"

"नाही. तुझ्याबरोबर खेळणं."

चहा गरम होता. मी तो तसाच प्यायले.

तिचं कारण तिने सरळ सांगितलं. "मधल्या चेंडूला तू मला ओरडून सांगतेस, 'घे तो.' मी घ्यायला जाते. आणि तू स्वतःच मध्ये घुसतेस. एकदा झालं, दोनदा झालं. आता मॅचपॉइंटला. तुझा माझ्यावर विश्वास नाही. तोंडाने मला देतेस आणि हाताने काढून घेतेस."

"मी असं कधीही म्हणाले नाही," मी म्हणाले. "मी माइन म्हणाले."

"मला ऐकू येतं."

"मग नीट ऐकत जा."

हे बोलायला नको होतं. पण मला खरोखर राग आला होता. मी माइन म्हणाले होते याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि मी 'घे तो' म्हणाले याबद्दल तिला नव्हती. याचा अर्थ दोघींपैकी एक खोटारडी. तिने मुंबईच्या एका मुलीशी बोलून ठेवलं होतं, नव्या वर्षापासून त्या दोघी खेळणार होत्या. बस सुटली. पुढचा सगळा रस्ता माझ्या मनात एकच हिशेब चालला होता, की माझ्याकडे आता नागपूरची एक स्पर्धा आणि घरचे चार दिवस आहेत, तेवढ्यात हिला थांबवायचं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि तिची मला आजही लाज वाटते. आठवडाभर आधी मी आईला फोन करून सांगितलं होतं, "आई, ती पुण्याची आहे. जरा नीट बोल."

मग आई म्हणाली, "नीट म्हंजे कसं? मी काय वाकडं बोलतो?" तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला तिच्या पोरीने हे सांगितलं होतं.

आणि ती खरंच नीट बोलली. आम्ही पोचलो तेव्हा दारातच म्हणाली, "ये बाळा, हात-पाय धुऊन घे, मी चहा ठेवते." मी चपापून पाहिलं. पाहुण्यांसाठी वरच्या कपाटातले काचेचे कप काढावेत तशी तिने फळ्यावरची मराठी खाली काढली होती. "मी वाढते." "मी सांगते." "मी आलेच." वडील आमचे पुरुष, त्यांना अडचण नव्हती, ते आपल्या नेहमीच्या बोलीत सुखाने बोलत होते. पण आई प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबायची. मला ते दिसत होतं, आणि मला बरं वाटत होतं. इतकी मी कोडगी झाले होते.

जोडीदाराला घर आवडलं. पहाटेच्या थंडीत वडील आम्हाला क्लबच्या कोर्टावर घेऊन जायचे. डांबरी आणि सिंथेटिक कोर्टांवर वाढलेली ती मुलगी मुरमावर पाय घसरवत खेळायची आणि हसायची. तिला लोपल आणि बयट पाठ झालं. पहिल्यांदा मुआयना झाला तेव्हा ती हात पाठीमागे बांधून वडिलांशेजारी इतक्या गंभीरपणे उभी राहिली की वडील तिच्यावर खूश झाले आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वतःविरुद्ध निकाल दिला. ती सगळ्यांशी मोकळी होती. माझ्याशी फक्त सभ्य होती. मधला चेंडू आला की आम्ही दोघीही थांबायचो आणि तो आमच्यामधून निघून जायचा. वडिलांनी एकदा विचारलं, "काऊन वं, दोघी बी पाहूनच राह्यल्या?" जोडीदाराने पुढचा चेंडू उचलला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या करत होती. अंबाडीची भाजी झाली होती, ठेचा झाला होता आणि परातीतलं ज्वारीचं पीठ संपलं. पिठाचा मोठा डबा ओट्यावरच्या फळीवर होता. जोडीदार उंच, शिवाय मदतीला तत्पर. ती म्हणाली, "काकू, डबा काढू का खाली?" आणि हात वर केले. त्या डब्याचं झाकण कित्येक वर्षांपासून सैल आहे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, तिला नव्हतं. ते आठवून आई पिठाच्या हातांनीच धावली आणि ओरडली, "घेतो, घेतो!"

मी दारात उभी होते. मला सगळं दिसलं. आई धावत येतेय हे पाहून जोडीदार डबा सोडणारच होती. आईचा आवाज ऐकला आणि तिने तो उलट घट्ट पकडून ओढला. त्याच वेळी आईनेही ओढला. चार हात, एक डबा. झाकण एकीकडे गेलं, डबा दुसरीकडे, आणि स्वयंपाकघरात असं पीठ उडालं की क्षणभर कोणीच कोणाला दिसेना. पीठ खाली बसलं तेव्हा आई केसांपर्यंत पांढरी होती आणि जोडीदार कोपरांपर्यंत.

आवाज ऐकून वडील आले. त्यांनी जमिनीवरचं पीठ पाहिलं, त्यात उमटलेली पावलं पाहिली आणि हात पाठीमागे बांधले.

"मुआयना करू," ते म्हणाले. "अगोदर कोण काय बोललं थे सांगा."

जोडीदार बिचारी रडकुंडीला आली होती. "काका, काकू म्हणाल्या 'घे तो', म्हणून मी घेतला."

"मी कवा म्हणलं घे?" आई म्हणाली. फळा पार पुसला गेला होता. "मी म्हणलं घेतो."

"तेच ना काकू. घे तो."

"घे नायी वं माय. घेतो. घेतो!"

"कोण घेतो?"

"मी! मी घेतो!" आईने पिठाचा हात छातीवर आपटला. "मी घेतो, तू सोड, झाकन ढिलं हाये!"

बाहेर दूधवाल्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. जोडीदाराने आईकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि मग हळूच मान वळवून माझ्याकडे.

"तुम्ही बायकासुद्धा 'घेतो' म्हणता?"

"मंग काय म्हनाव?" आई म्हणाली.

"तूही?" तिने मला विचारलं.

मी नाही म्हणणार होते. बारा वर्षांची सवय, शब्द ओठांवर तयार होता. पण समोर आई उभी होती, भुवयांवर पीठ घेऊन, आणि तिच्या देखत नाही म्हणवेना.

"हो," मी म्हणाले.

"मग हैदराबादला..."

"मला वाटलं होतं मी माइन म्हणाले." खरंच वाटलं होतं. पण तो उंच चेंडू मी पुन्हा डोळ्यांपुढे आणला आणि आता मला माझाच आवाज ऐकू आला. घाबरलेल्या माणसाची जीभ घरी पळते. मी ओरडले होते, घेतो. म्हणजे मी घेतो, तू सोड. आणि पुण्याच्या मुलीने, जिच्या जगात कुठलीही बाई घेतो म्हणत नाही, जे ऐकायला हवं तेच ऐकलं होतं. दोघींपैकी कोणीही खोटारडी नव्हती. मी दीड वर्ष तिच्यापासून माझी बोली लपवली होती, म्हणून तिला ती कळायला मार्गच नव्हता.

वडिलांनी निकाल दिला, "डबा लोपल. गलती कोनाची बी नायी." आणि ते झाडू आणायला गेले. पण आई माझ्याकडे बघत राहिली. फोनवरचं ते नीट बोल तिलाही आठवलं असणार.

"मी त दोनच दिवसांत दमली बाप्पा," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. "थे वाढते न् थे सांगते. तोंड दुखून आलं. तू बारा वर्षं कशी रायली वं?"

मी तिथेच खाली बसले आणि रडले. आई म्हणाली, पिठावर नको रडू, गोळे होतेत. मग जोडीदारही माझ्या शेजारी बसली आणि आम्ही दोघी ओंजळीने पीठ गोळा करत राहिलो.

कोणालाही वाटेल की इथे गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे कोर्टावर जाताना मी तिला विचारलं, "मग आता?"

"मी त्या मुंबईच्या मुलीला शब्द दिलाय," ती म्हणाली. "तिने तिची आधीची जोडीदार सोडलीय माझ्यासाठी."

"शब्द मलाही दिला होतास."

"हो. पण तू आदिलाबादची आहेस हे मला काल कळलं." थोड्या वेळाने म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी हसले असते, हे खरंय. एकदाच हसले असते पण."

मी रागाने चालण्याचा वेग वाढवला. तिचे पाय लांब, तिला काहीच फरक पडला नाही.

नागपूरसाठी आम्ही नवा करार केला, तोही तिनेच सुचवला. माइन आणि युवर्स बंद. आपला असेल तर घेतो, दुसरीचा असेल तर फक्त घे. आई शाल गुंडाळून खुर्चीवर बसली आणि वडील उंच चेंडू टाकत राहिले. "घेतो!" जोडीदार ओरडायची, आणि आई खुर्चीवरून दुरुस्ती करायची, "'तो' लांबव जरा, तवा कळते." निघताना जोडीदार आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, येतो." आई इतकी हसली की तिचा चष्मा घसरला.

नागपूरला आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. एकदाही रॅकेटला रॅकेट लागली नाही. ते आमचं सगळ्यात चांगलं टेनिस होतं, आणि स्टेशनवर तिने मला घट्ट मिठी मारली आणि ती गेली. तिने मुंबईच्या मुलीला दिलेला शब्द पाळला. मला तिचा राग आला आणि तिच्याबद्दल आदरही वाटला, दोन्ही एकदम, आणि ते फार त्रासाचं असतं.

पुढचं वर्ष मी निरनिराळ्या मुलींबरोबर खेळले. प्रत्येक नव्या जोडीदाराला पहिल्याच दिवशी सांगायचे की मी घाबरले की घेतो म्हणते आणि त्याचा अर्थ असा. घरचा फोन खोलीतच घ्यायचे. एवढा बदल झाला.

मग त्या मोसमाच्या शेवटाला, दक्षिणेतल्या एका गावी, ती नेटच्या पलीकडे आली. तिच्या शेजारी मुंबईची ती मुलगी, माझ्या शेजारी एक बंगाली मुलगी, जिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. सामना अटीतटीचा झाला. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये मी उंच चेंडू टाकला, मुद्दाम त्या दोघींच्या मध्ये. माझ्या जुन्या जोडीदाराने मान वर केली, मागे धावली आणि पूर्ण ताकदीने ओरडली, "घेतोऽ!"

मुंबईची मुलगी थांबली असती तर काही झालं नसतं. पण ती आज्ञाधारक. तिला घे म्हटल्यावर ती घ्यायला धावली. दोन्ही रॅकेट आपटल्या. चेंडू त्या दोघींच्या पायांशी पडला. एक टप्पा, मग दुसरा.

"तू घे म्हणालीस ना?" मुंबईची मुलगी कपाळ चोळत म्हणाली.

माझ्या बंगाली जोडीदाराने मला विचारलं, "क्या बोली वो?"

"हमारे घर का शब्द है," मी म्हणाले. नेटपलीकडे ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होती. वर्षभर तिच्याशेजारी दुसरी मुलगी होती. पण तीही घाबरली होती, आणि घाबरल्यावर तिची जीभ आमच्या घरी पळाली होती.

तो पॉइंट आम्हाला मिळाला. सामना त्यांनी जिंकला. नेटपाशी हात मिळवताना तिने माझा हात सोडला नाही.

"ही आता थांबतेय, नोकरीला लागतेय," ती म्हणाली. मुंबईच्या मुलीने मान डोलावली. "पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा आहे. मला जोडीदार नाही. येशील का?"

तिच्या मागे पंच होता, माझ्या मागे बंगाली मुलगी, आणि प्रेक्षकांत दहा-बारा माणसं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "हाव. येतो."